शिस्तेकाकांच्या घरी

दुपारी अडीचच्या सुमाराला फोन वाजला. पलीकडे मैत्रेयी होती, माझा मित्र दिगू याची तेरा वर्षांची मुलगी. "विसूकाका, बाबा गेले," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "तुम्ही रिक्षाने या. इथे हॉस्पिटलला पार्किंगला जागा नाहीये." मी रिक्षाने गेलो. इंदिरानगरातल्या माझ्या घरापासून तिथे पोचायला वीस मिनिटं लागली आणि त्या वीस मिनिटांत मला दुःख झालं नाही, हे कबूल करतो. मला भीती वाटली. वकिलाकडच्या एका कागदावर, दिगूला काही झालं तर त्याच्या दोन्ही मुलांचा पालक म्हणून माझं नाव होतं, आणि त्याखाली सहीही माझीच होती.

दिगू शाळेत भूगोल शिकवायचा. पाच वर्षांपूर्वी त्याची बायको सुनीता आजारपणात गेली. तेव्हा मैत्रेयी आठ वर्षांची होती आणि ईशान चार. लोक येऊन मुलांच्या डोक्यावरून हात फिरवून जात, आणि दिगू त्या गर्दीतून उठून आतल्या खोलीत काहीतरी लिहीत बसे. त्यातून मुलांसाठी एक कादंबरी झाली, 'अनाथांना सवलत नाही'. बकुळ आणि ढब्बू या भावंडांचे आईवडील पहिल्याच पानावर मरतात. एका सत्कारसमारंभाचा मंच कोसळतो आणि दोघं शाल-नारळासकट त्याखाली सापडतात. मग मुलं एका पालकाकडून दुसऱ्याकडे पाठवली जातात. एक विंचूरचा व्यापारी त्यांना कांद्याच्या चाळीत झोपवतो, एक महाराज त्यांना दर गुरुवारी चमत्कारासाठी आजारी पाडतो. मी आयुष्यभर मुद्रितं तपासण्याचं काम केलं, त्यामुळे मुद्रितं माझ्याकडेच आली. "पहिल्या पानावर आईबाप मारतोस? मुलं घाबरतील," मी म्हणालो. "घाबरलेलीच आहेत," दिगू म्हणाला. "निदान हसत घाबरू देत. मैत्रेयी तर म्हणते, बाबा, अजून लवकर मारा, बोअर होतंय."

सातव्या प्रकरणात शिस्तेकाका येतात. ते एकटे राहतात. त्यांच्या घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते, फक्त मुलांना ठेवायला जागा नसते. चपला भिंतीपासून किती अंतरावर असाव्यात हेही ठरलेलं. ते वाचून मी पेन्सिल खाली ठेवली आणि दिगूला फोन केला. "हा मी आहे का रे?"

"छे! तू इतका वाईट नाहीस," तो म्हणाला. "तुझ्याकडे मुलं कुठे आहेत?"

त्यानंतर वर्षभराने, गंगापूर रोडवर मिसळ खाताना, त्याने वकिलाचा विषय काढला. त्याचं हृदय, त्याच्याच शब्दांत, वर्गातल्या जुन्या नकाशासारखं झालं होतं. जिथे घडी पडते तिथे फाटत होतं. मी म्हणालो, "तुला काही होत नाही. झालंच तर दुसरी आवृत्ती निघेल." माझ्या अशा विनोदांवर तो नेहमी हसायचा. त्या दिवशी त्याने माझ्या ताटलीतला पाव उचलून स्वतःच्या रश्शात बुडवला आणि खाली बघत विचारलं, "दोघांना एकत्र ठेवशील ना?" मी हो म्हणालो. मिसळ संपवायची घाई असल्यासारखा हो म्हणालो...

शोकसभा झाली. दारात दिगूचा त्याच्यापेक्षाही मोठा फ्लेक्स होता. एका वक्त्याने त्याला बालसाहित्याचा ध्रुवतारा म्हटलं आणि कादंबरी संस्कारक्षम असल्याचं जाहीर केलं, यावरून ती त्याने वाचलेली नाही हे सिद्ध झालं. मंच बराच हलत होता. मैत्रेयीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. त्या आठवड्यात आम्ही दोघं तेवढंच हसलो, आणि तेही तोंडावर रुमाल धरून.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर दिगूचे पुण्याचे थोरले भाऊ, दादासाहेब, घसा साफ करून म्हणाले, "कागद आहे, मान्य आहे. पण व्यवहार बघावा लागतो, विसूभाऊ. तुम्ही एकटे. साठी आली. मुलगी आमच्याकडे राहील, मुलाला निवासी शाळेत घालू. फॉर्म आणलाय मी." माणूस दुष्ट नव्हता, हीच अडचण होती. दुष्ट असता तर कसं वागायचं ते मला पुस्तकातून ठाऊक होतं. ईशान बहिणीच्या ओढणीचं टोक मुठीत धरून बसला होता. मी म्हणालो, "महिनाभर बघू." दादासाहेब म्हणाले, "ठीक. महिन्याने मी येतो."

मुलं दोन बॅगा घेऊन माझ्याकडे आली. आल्याबरोबर ईशानने चपला काढल्या आणि भिंतीपासून अंतर मोजून ठेवल्या. या घराचा नकाशा त्यांना पाठ होता, आणि तो त्यांच्या बापाने काढलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईशान कप दोन्ही हातांनी धरून चहा घेऊन आला. मी घोट घेतला. खारट! आता, पुस्तकातली भावंडं प्रत्येक नव्या पालकाला खारट चहा देतात. जो ओरडतो त्याच्याकडून पळून जायचं. जो निमूटपणे पितो तो ढोंगी, त्याच्याकडून आधी पळायचं. मुद्रितं तपासताना मी समासात विचारलं होतं, मग चांगल्या पालकाने नेमकं काय करायचं? दिगूने खाली लिहिलं होतं, 'कल्पना नाही. मला अजून भेटलेला नाही.' तोंडात घोट धरून मी बसलो. दारात मैत्रेयी उभी होती आणि एकटक बघत होती. साठीला आलेला, बरीच पुस्तकं पचवलेला माणूस एका नऊ वर्षांच्या पोरासमोर घामाघूम झाला होता. शेवटी घोट गिळला आणि म्हणालो, "ईशान, याचं खरं उत्तर काय आहे ते मला माहीत नाही रे. तुझ्या बाबालाही माहीत नव्हतं."

ईशानचा चेहरा पांढरा पडला. "कसलं उत्तर?"

"खारट चहाचं. पुस्तकातलं."

त्याने कप ओढून घेतला आणि चाखला. "काका, आईशप्पथ, मुद्दाम नाही केलं. तुमचे डबे सगळे सारखेच आहेत... आता मोठ्या काकांना सांगणार? मला पाठवणार?"

"मी घातलं मीठ," मैत्रेयी पटकन पुढे आली. "त्याने नाही. पाठवायचं तर मला पाठवा."

"खोटं बोलतेय ती! ती झोपली होती!"

मी पुष्कळ काही म्हणू शकलो असतो. म्हणालो एवढंच, की मला वाटलं, तुम्ही माझी परीक्षा घेताय आणि मी नापास होऊन तुम्ही निघून जाणार. मग मैत्रेयी म्हणाली, "म्हणजे तुम्ही पण टरकला होतात?" मी मान हलवली. ईशानने बाहीला नाक पुसलं आणि म्हणाला, "तुम्ही तर मोठे आहात ना!" हे त्याने इतक्या तक्रारीच्या सुरात म्हटलं की मला दिगूच आठवला. हसवायचं काम त्यानेही टरकूनच केलं होतं. ते पाच वर्षं माझ्या लक्षात आलं नव्हतं, आणि माझं तर कामच चुका शोधण्याचं होतं.

गेल्या रविवारी दादासाहेब आले. पायरीशी चपलांचा ढीग पडला होता. ते स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत, म्हणून मी मागे गेलो. ते चष्मा वर करून फळीवरचे डबे वाचत होते. मैत्रेयीने त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. 'साखर. बहुधा.' 'मीठ. चहापासून लांब ठेवा, विसूकाकांची तब्येत नाजूक आहे.' आणि माझ्या एका जुन्या, गंजक्या डब्यावर, 'यात काय आहे हे कोणालाच माहीत नाही. धीर असेल तर उघडा.'

"हे दिगूचं लिहिणं," दादासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली आला होता.

"अक्षर मैत्रेयीचं," मी म्हणालो.

त्यांनी चहा घेतला. निघताना फॉर्मचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. जिन्यात ते एवढंच म्हणाले, "दोघांच्या शाळेचं बघा मग." ते गेल्यावर मी दार लावलं. भीती गेली नव्हती. आता तिला मुदत उरली नव्हती, इतकंच. आतून ईशान ओरडला, "काका, तो गंजका डबा उघडू का?" मी म्हणालो, थांब, मी येतो, तिघं मिळून उघडू.