बोटे गरम लागेपर्यंत

महिपत भोईर १९४७ साली ठाण्याच्या एका इस्पितळात मलमपट्टी करणारा ड्रेसर म्हणून लागला, तेव्हा अर्जातला पूर्वानुभवाचा रकाना त्याने कोरा ठेवला. लिहिण्याजोगे पुष्कळ होते. त्याचे वडील खडवलीचे हाडवैद्य. बांबूच्या कामट्या, कापूस आणि जुन्या लुगड्याच्या पट्ट्या एवढ्या सामानावर त्यांनी तीस वर्षे पंचक्रोशीतली हाडे बांधली. त्यांच्या हातून चुका झाल्या नाहीत असे नाही. वाकडा जुळलेला पाय ओढत चालणारी दोन माणसे खडवलीतच होती. पण एक रीत त्यांनी कधी मोडली नाही. बांधलेल्या हातापायाची बोटे गरम लागेपर्यंत ते रोग्याच्या ओसरीवरून उठत नसत आणि अन्नाला शिवत नसत. "बांधणाऱ्याचं पोट भरलं की त्याचे डोळे मिटतात," असे ते म्हणत.

इस्पितळात हे सांगण्याची सोय नव्हती. महिपत गॉजच्या पट्ट्यांना प्लास्टरची भुकटी चोळी, त्या गुंडाळून डब्यात भरी, लागतील तेव्हा कोमट पाण्यात भिजवून डॉक्टरांच्या हातात देई. दोन वर्षे अशीच गेली, आणि मग नाथाची केस आली.

नाथा मिठागरावर काम करी. हात मोडल्यावर सोबत्यांनी त्याला हातगाडीवर घालून थेट इस्पितळात आणले. प्लास्टर चढले. रात्रभर तो ओरडत होता. महिपतने डॉक्टरांना दोनदा सांगितले, "याची बोटं गार लागतायत." दोन्ही वेळा एकच उत्तर मिळाले, "तू पट्ट्या भिजव." तिसऱ्या दिवशी प्लास्टर उघडले, तोवर हात हातचा गेला होता, पुढे बोटे आत वळली ती कायमची. नाथाच्या केसपेपरवर इंग्रजीत काय लिहिले आहे ते कारकुनाने महिपतला वाचून दाखवले: गावठी हाडवैद्याने आवळून बांधल्याचा परिणाम. नाथाने जन्मात हाडवैद्य पाहिला नव्हता. महिपत त्या दिवशी गप्प बसला, आणि ते गप्प बसणे त्याला पुढे सहा वर्षे खात राहिले.

१९५५ च्या फेब्रुवारीत इस्पितळात शल्यचिकित्सकांचा उजळणी वर्ग भरायचे ठरले. अस्थिभंगावरच्या उपचारांत नवे काय आले आहे ते डॉक्टरांना कळावे, हा हेतू. हेतू चांगलाच होता. शिकवणारे डॉ. आनंद टिपणीस मुंबईहून नवे शिकून आलेले, हाताचे कुशल. ठाणे, कल्याण, भिवंडीकडून नऊ डॉक्टर यायचे होते. विषय होता लहान मुलांच्या कोपराचे मोडणे.

वर्गाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, खडवलीजवळच्या वीटभट्टीवर राबणारी तुळसा आपल्या आठ वर्षांच्या शालूला घेऊन आली. पोर जांभळीवरून पडली होती. कोपर मोडला होता.

"उद्याच्या वर्गाला नेमकी केस मिळाली," टिपणीस म्हणाले. "रात्री नुसती झोळी बांधा. हाड सकाळी सगळ्यांसमोर बसवू."

म्हणजे नऊ डॉक्टरांना पाहता यावे म्हणून आठ वर्षांची पोर मोडका हात घेऊन रात्रभर कण्हत राहिली. सकाळपर्यंत कोपर सुजून दुधी भोपळ्यासारखा झाला. रविवारी दहा वाजता तिला गुंगी दिली. टिपणीसांनी हाड सफाईने बसवले, कोपर पुरता वाकवला आणि त्या सुजेवरच खांद्यापासून मुठीपर्यंत गोल प्लास्टर चढवले. वरून ओला हात फिरवून ते संगमरवरासारखे गुळगुळीत केले. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. फळ्यावर चार मुद्दे लिहून झाले आणि साडेबाराला सगळे नौपाड्यातल्या एका स्नेह्याकडे जेवायला गेले.

एक वाजता शालूचे रडणे थांबले. तुळसाला बरे वाटले. महिपतला वाटले नाही. त्याने पोरीचे एक बोट हलकेच सरळ केले. तिने किंकाळी फोडली. बोटे निळसर होती आणि माठाच्या बुडासारखी गार.

तो धावतच नौपाड्यात पोचला. पंगतीत दुसऱ्यांदा जिलबी फिरत होती.

"काय महिपत, जिलबीचा वास इस्पितळापर्यंत आला वाटतं?" टिपणीस म्हणाले. सगळे हसले.

"साहेब, पोरीची बोटं निळी पडलीत."

"आत्ताच गुंगीतून उठलीय. मुलं रडायचीच."

"रडत नाही, साहेब. बोट सरळ केलं की किंचाळते. नाथाचं असंच झालेलं."

टिपणीसांचा हात पानावर थांबला. "चार वाजता फोटोग्राफर येतोय. फोटो निघेपर्यंत त्या प्लास्टरला कोणी हात लावायचा नाही. समजलं?" मग पंगतीकडे वळून ते म्हणाले, "याचे वडील हाडवैद्य होते, बरं का! घराण्याची विद्या बोलतेय."

पुन्हा हशा झाला. कल्याणचे तरुण डॉक्टर सुधीर चित्रे तेवढे हसले नाहीत. त्यांनी महिपतकडे पाहिले. पण उठले तेही नाहीत.

महिपत परत आला तेव्हा सिस्टर सरोज शालूपाशी उभ्या होत्या. समोर सकाळचा इंग्रजीत लिहिलेला फळा तसाच होता.

"सिस्टर, त्यावर काय लिहिलंय?"

सरोजनी वाचले. "बोटांचा रंग आणि ऊब पाहत राहा. शंका आली तर प्लास्टर ताबडतोब पूर्ण लांबीभर चिरा." त्यांनी शेवटच्या ओळीकडे बोट केले. "खाली दोन रेघा मारल्यात."

"कुणी लिहिलं?"

"साहेबांनीच. सकाळी."

"आणि लिहून गेले कुठं?"

"जेवायला."

महिपतने कात्री उचलली.

"अरे, नोकरी जाईल तुझी!"

"नाथाचा तर हातच गेला, सिस्टर. तुम्ही पोरीचा दंड धरा."

सरोजनी दंड धरला. महिपतने प्लास्टर मुठीपासून खांद्यापर्यंत चिरले, आतल्या कापसाचा शेवटचा पदरही कापला, कवच फाकवले आणि कोपर जरासा सैल सोडला. मग तो नखे दाबत, सोडत बसला. नखे पांढरी ती पांढरीच. पदराचे टोक दातांत धरून तुळसा त्याच्या तोंडाकडे बघत होती. बऱ्याच वेळाने करंगळीच्या नखाखाली फिकट लाली आली.

"आये, मुंग्या आल्या गं," शालू म्हणाली.

"येऊ दे बाय, येऊ दे," तुळसा म्हणाली आणि ओक्साबोक्शी रडली.

सरोजनी केसपेपरवर प्लास्टर चिरल्याची वेळ लिहिली: एक वाजून चाळीस मिनिटे.

तीनला मंडळी परतली. "कोणी कापलं हे?" टिपणीस गरजले.

"मी, साहेब."

टिपणीसांनी पोरीचे नख दाबले, सोडले, पुन्हा दाबले. नऊ डॉक्टर पाहत होते. मग ते वर्गाकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, "हे पाहा, सूज असेल तर प्लास्टर असं पूर्ण लांबीभर चिरावं लागतं." चार वाजता चिरलेल्या प्लास्टरवर हात ठेवून त्यांनी फोटो काढून घेतला. फोटोग्राफरने महिपतला बाजूला व्हायला सांगितले.

वर्गाच्या अहवालात प्लास्टर योग्य वेळी चिरल्याचे आले. कोणी चिरले ते आले नाही. महिपतला मेमो मिळाला: आज्ञेवाचून हस्तक्षेप. उत्तर त्याने सरोजकडून इंग्रजीत लिहवून घेतले. "चिरले हे खरे. वेळ केसपेपरवर आहे. १९४९ साली आज्ञा पाळली. तो रोगी नाथा अजून मिठागराजवळ राहतो. साहेबांनी त्याचा हात पाहावा, आणि त्याच्या कागदावरचा हाडवैद्याचा दोष खोडावा."

पंधरा दिवसांचे निलंबन झाले. नाथाच्या कागदावरचे एक अक्षरही हलले नाही. सहा आठवड्यांनी शालूचा हात सुटला, तेव्हा तिने घट्ट मूठ वळून महिपतला दाखवली.

पुढचा वर्ग पावसाळ्यानंतर त्याच नऊ डॉक्टरांचा भरला. या वेळी एका हमालाच्या पायाला प्लास्टर चढले. साडेबारा झाले, खुर्च्या सरकल्या, चपलांची शोधाशोध सुरू झाली. महिपत पायाची बोटे चाचपत खाली बसला होता.

"महिपत, गरम झाली का?" दारातून सुधीर चित्रे यांनी विचारले.

"अजून नाही, साहेब."

चित्रे परत आले आणि स्टूल ओढून बसले. बाकीचे आठ जेवायला गेले.