मंगीच्या नावाचा केसपेपर

आधीच सांगून ठेवते. भूत, देवी, करणी, अंगात येणं... यातलं मी काहीही मानत नाही. तरुणपणी मानत नव्हते, आता नव्वदीला टेकल्यावर मुळीच नाही. नात म्हणाली, आजी, तुझा दवाखान्यातला तो किस्सा लिही, लोक वाचतात. म्हणून लिहिते. शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे घडलं ते सरळ लिहीन.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. आमचा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. मी लोणखेड्याला राहायची आणि शहाद्याच्या एका दवाखान्यात कामाला जायची. नवरा वारला होता, लिहिता-वाचता येत होतं, म्हणून केसपेपर सांभाळायचं काम मिळालं. पेशंटचं नाव, गाव, आजार, काय दिलं, काय सोसलं नाही, सगळं त्या एका कागदावर. कागद नंबरानं रॅकच्या खणांत.

लोकांना चिठ्ठी दिली तर ती भिजायची, नाहीतर विडी पेटवायला जायची. म्हणून आधीच्या डॉक्टरांनी पत्र्याचे बिल्ले केले होते. बिल्ल्यावर नंबर, भोकात दोरा. पेशंटनं बिल्ला दाखवायचा, मी केसपेपर काढून द्यायचा. केसपेपर समोर आल्याशिवाय सुई टोचायची नाही, हा नियम कडक.

झालं काय, लोकांनी ते बिल्ले गळ्यात ताइतासारखे घातले. पेटीत ठेवायची वस्तू पोरांच्या अंगावर आली. बायकांना वाटायचं, गुण बिल्ल्याचाच.

त्या दिवशी बाजार होता. भर दुपार, ओटा माणसांनी भरलेला. तापीकाठच्या गावाहून एक मजूर बाई सहा-सात वर्षांची पोर कडेवर घेऊन आली. पोरीचा कान वाहत होता, अंग तापानं भाजत होतं. नव्या डॉक्टरांनी तपासलं आणि कंपाउंडर दगाभाऊंना म्हणाले, "पेनिसिलिन भरा. बाई, केसपेपर आणा."

पोरीच्या गळ्यातला बिल्ला बघून मी कागद काढला. नाव मंगी. मागे गळू झालं होतं, पेनिसिलिन दिलं, लगेच गुण आला. सगळं स्वच्छ.

कागद घेऊन दारापर्यंत आले आणि माझा घसा दाटला. कोणी मुठीत धरावा तसा. हाताला खाज सुटली, बघते तर मनगटापासून कोपरापर्यंत पित्ताच्या गांधी उठलेल्या. श्वास आत जाईना. मी कागद टेबलाच्या कडेला टाकला आणि भिंतीला टेकले. घसा मोकळा. वाटलं, उन्हाचं काही असेल. कागद उचलला — पुन्हा तेच. ठेवला — बरं. दुसऱ्या पेशंटचा कागद मुद्दाम हातात धरून पाहिला. काही नाही. मंगीचा धरला... डोळ्यांपुढे अंधारी.

"काय व बई, उभी काय ऱ्हायनी? आन ना कागद!" दगाभाऊ ओरडले. "सुई थंडी व्हई ऱ्हायनी."

मी कागद पाठीमागे टेबलावर ठेवला आणि आडवी उभी राहिले. म्हटलं, "देत नाही."

डॉक्टर उठले. "बाई, पोर तापानं फणफणलीय. कागद द्या."

"देत नाही. कामावरून काढा पाहिजे तर."

कारण विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. एवढंच कळत होतं, की हा कागद आणि ही पोर यांची गाठ पडू द्यायची नाही. मी त्या बाईकडे वळले.

"ही मंगीच शे का?"

"हा बई, मंगीच शे."

"पोरना डोकावर हात ठेव नि सांग."

बाईचा हात उचलला गेला, पण डोक्यावर टेकेना. मग ती मटकन खालीच बसली. "मंगी नही शे, बई... मन्ही फुली शे. मंगी शेजारनी पोर. आमना बिल्ला खोटा शे. मांगे त्या बिल्लावर सुई टोची नि फुली मरता मरता वाचनी. मंगीले तिना बिल्लावर गुण उना, म्हनीसन मी तिना बिल्ला मांगी लई उनू."

बिल्ला चांगला तर नावही त्याच पोरीचं सांगायचं, नाहीतर गुण येत नाही, असा तिचा हिशेब. तिनं तो पोरीला वाचवायलाच केला होता.

फुलीचा खरा बिल्ला अदलाबदलीत मंगीकडे, गावात. मी खणामागून खण उपसले. फुलीचा केसपेपर सापडला. मी नोकरीला लागण्याआधीचा, मी कधी हातात न घेतलेला. त्यावर लाल शाईत होतं: पेनिसिलिन देऊ नये. अंगावर गांधी, घसा सुजला, श्वास अडकला.

डॉक्टरांनी ते वाचलं आणि माझ्या हाताकडे पाहिलं. गांधी अजून होत्या. दगाभाऊंनी सुई मोरीत रिकामी केली. फुलीला सल्फाच्या गोळ्या दिल्या. पोर वाचली.

डॉक्टर नंतर म्हणाले, "भीतीनं पित्त उठतं कधी कधी."

मी म्हटलं, "भीती कशाची? घसा दाटला तेव्हा मी तिला मंगीच समजत होते."

ते "मग मला माहीत नाही," म्हणाले. हा माणूस मला तेव्हापासून आवडला.

दगाभाऊंचं वेगळंच. "सप्तशृंगी माय उनी तुन्हा आंगमा!"

"मायले कामच करनं व्हतं तर ती सरळ डॉक्टरना आंगमा जाती. मन्हा घसा कसाले दाबती?"

पण बातमी पसरली. पुढच्या बाजाराला माझ्या खिडकीपुढे बायका उभ्या. कोणाला मूल होत नाही, कोणाची म्हैस आटली. फुलीची आई सगळ्यांत पुढे, हातात नारळ. वाकायला लागली तर मी दंड धरून उभी केली.

"तुले कसं समजनं, बई?" तिनं विचारलं.

"मले काहीच समजनं नही. फुलीना बिल्ला फुलीनाच गळामा ठेव. मंगीना मंगीले दे. एवढं कर."

"नि नारळ?"

"दे इकडे."

तो मी तिथंच, सगळ्यांदेखत पायरीवर फोडला. पाणी फुलीला पाजलं आणि खोबऱ्याची दुपारी चटणी केली. दगाभाऊंनीही खाल्ली. त्यानंतर नारळ घेऊन कोणी आलं नाही.

साठहून जास्त वर्षं झाली. माझा घसा तसा पुन्हा कधी दाटला नाही, अंगावर एक गांध उठली नाही. तेव्हा का उठली ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही म्हणायला मला लाज वाटत नाही. तुम्हाला ठाऊक असेल तर तुमच्यापाशीच ठेवा... मला देवी चिकटवू नका.