‘भागतं’ असं तो म्हणाला

नव्वदच्या दशकात मी तालुक्याच्या कचेरीत कारकून होतो, राहायला सानपाड्याला. निराधार अपंगांच्या सरकारी अनुदानाच्या फायली माझ्या टेबलावर असत. रक्कम बघून दर वेळी एकच कुतूहल वाटे: एवढ्यात माणूस जगतो तरी कसा? म्हणून करावे गावात एका लाभार्थ्याच्या चौकशीला जायची पाळी आली तेव्हा मी खुशीनंच निघालो.

घर कोळ्याचं. खाडीत कालवाच्या शिंपल्याची धार त्याच्या पायाला लागली, जखम चिघळली आणि गुडघ्याखालून पाय काढावा लागला. तो ओट्यावर बसून दुसऱ्याचं जाळं सांधत होता. मजुरी म्हणजे मासळीचा लहानसा वाटा. सुई इतकी चपळ चालत होती, की मी बराच वेळ गाठींबद्दलच विचारत राहिलो. मग मूळ प्रश्न काढला.

"सरकारी पैशात भागतं का?"

"भागतं ना साहेब. देवाची किरपा हाय."

बायको चहा घेऊन बाहेर आली. "भागतं? मी टोपली घेऊन दारोदार फिरते म्हनून याला भागतं! पंधरा दिवसांत तांदळाचा डबा वाजतो आमचा."

"गप गो! साहेब पयल्यांदा आलाय घरी."

दारी आलेल्यापुढे रडगाणं गाऊ नये, ही आपली रीत. माझ्या आईनंही हेच उत्तर दिलं असतं. हे कळत असूनही ‘लाभार्थ्याचे म्हणणे’ या रकान्यात मी लिहिलं: ‘जाळी दुरुस्त करतो. मिळते त्यात भागते.’ बायकोच्या म्हणण्याला रकाना नव्हता.

कचेरीत आमच्या साहेबांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली. भागते, म्हणजे निराधार नाही. अनुदान बंद.

दोन महिन्यांनी तो कुबडीवर कचेरीत आला. "माज्याविरुद्ध कोनी लिवला साहेब? माज्या चुलतभावानंच ना? जागेवरून आमचं वाकडं हाय."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "बघतो." त्यानं मान डोलावली आणि संशय पक्का करून गेला. पुढं कळलं, दोन घरांचं येणंजाणं तुटलं, लग्नकार्यातसुद्धा.

नवा अर्ज मीच भरून दिला. अनुदान पुन्हा सुरू झालं. ते पुरतं का, हे मला त्याच्या बायकोकडून नीट ऐकायचं होतं, पण त्या ओट्यावर परत जायचं धाडस झालं नाही.

चुलतभावानं आमच्या कचेरीत कधी पाऊलही टाकलं नव्हतं. फाइल असेलच कुठं, तर ती ओळ माझ्या अक्षरात आहे.