सलग बारा महिने

कळवणहून नाशिक म्हणजे काही परदेश नव्हे. पण २००६च्या फेब्रुवारीत मी सुनेला घेऊन तिथे गेले ती तिला भारतीय करून आणायला. सकाळची एसटी, माझ्या मांडीवर नऊ महिन्यांची नात आणि सुनेच्या मांडीवर नातीहूनही जड अशी कागदांची पिशवी.

देवकी मूळची मॉरिशसची. पुण्याला शिकायला आली, माझ्या अविनाशशी लग्न केलं आणि तेव्हा नऊ वर्षं आमच्याकडेच होती. नागरिकत्वाला लग्नानंतर सात वर्षं इथलं वास्तव्य लागतं, ते झालेलं होतं. तिकडे तिच्या आईच्या हृदयाचं ऑपरेशन मार्चमध्ये ठरलं होतं. अर्ज एकदा आत गेला की देवकीने विमानात बसायचं, असा बेत होता. मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेलं, त्यामुळे फॉर्म मीच भरला. अविनाशचं अक्षर सरकारला कसं लागायचं!

नांदुरीजवळ सप्तशृंगीचा गड दिसला तसे हात जोडले. तिथेच मेथीची टोपली घेऊन एक आजीबाई चढली. देवकीकडे निरखून बघत मला म्हणाली, "हाई तुमनी सून शे का?" (ही तुमची सून आहे का?)

"हो. मॉरिशसची आहे."

"ते कोनता तालुकामा शे?" (ते कोणत्या तालुक्यात आहे?)

देवकीनेच तिला समुद्र, बेट सगळं समजावलं. आजीबाई खूश झाली. "मराठी ते चांगली बोलस!" म्हणत तिने एक जुडी नातीच्या अंगावर टाकली. तो प्रश्न तिथे मिटला, कलेक्टर कचेरीत का मिटू नये?

दिंडोरीच्या अलीकडे टायर बसलं. ड्रायव्हर म्हणाला, "स्टेपनीत बी हवा नाय, मॅडम." मग दुसरी गाडी येईपर्यंत द्राक्षबागेच्या कुंपणाशी तासभर ताटकळणं आलं. ऊन चढलं, नात रडली, मी एसटीला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

कचेरीत पोहोचलो तर साहेब जेवायला गेलेले. समोर मिसळ खाल्ली. देवकीने वरून तर्री (रश्श्यावरचा तिखट तवंग) मागून घेतली आणि डोळ्यांतून पाणी काढत संपवली. आता आणखी काय पुरावा हवा यांना?

साहेब आले. माणूस वाईट नव्हता. एकेक पान शांतपणे उलटत होते आणि तेच मला सोसत नव्हतं. 'भारताबाहेरील वास्तव्य व कारण' या रकान्यात मी ठसठशीत लिहिलं होतं: पहिले बाळंतपण, माहेरी, चार महिने. तिथे त्यांचं बोट थांबलं.

"परत कधी आल्या?"

"जूनमध्ये," देवकी म्हणाली.

"मग आठच महिने झाले. अर्जाच्या आधीचे बारा महिने सलग इथे राहावं लागतं. मधे बाहेर जायचं नाही."

"अहो, पहिलं बाळंतपण माहेरी असतं," मी आवाज चढवला. "एवढंही ठाऊक नाही तुम्हाला?"

"ठाऊक आहे, बाई. माझीही बायको गेली होती, येवल्याला. पण येवला भारतात आहे."

जूनमध्ये या, तोवर देश सोडू नका, असं सांगून त्यांनी कागद परत दिले.

परतीच्या गाडीत मी नियमाला, साहेबांना, दिल्लीला नावं ठेवत बसले. देवकी कागद पुन्हा पिशवीत नीट लावत होती, आणि तेच मला छळत होतं. कारण मागल्या वर्षी ती म्हणाली होती, "आई, इथेच होऊ द्या बाळंतपण. मुदत तुटेल." मीच ऐकलं नव्हतं. इतक्या वर्षांनी पाळणा हलणार आणि सून सासरीच बाळंत झाली, तर गाव काय म्हणेल? सातव्या महिन्यात ओटी भरून मीच तिला विमानात बसवलं होतं.

वणी गेल्यावर ती म्हणाली, "चार महिने थांबते मी. मग अर्ज करू."

"आणि ऑपरेशन?"

तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. मला स्वतःचीच चीड आली.

"तू जा," मी म्हणाले. "याच महिन्यात जा."

"मग पुन्हा पहिल्यापासून बारा महिने, आई."

"मोजू पुन्हा."

कळवणला उतरलो. स्टँडवर नातीला माझ्याकडून घेताना तिने थेट विचारलं, "मागल्या वर्षीही तुम्ही 'जा'च म्हणालात. नको म्हणत होते तरी. आता परत का?"

मी तिच्या हातातली कागदांची पिशवी घेतली.

"तेव्हा गावासाठी पाठवलं," मी म्हणाले. "आता तुझ्या आईसाठी जा."