दादाच्या छातीचा फोटो

दादाच्या मानेतल्या गाठींना कामरगावात सगळ्यांनी गंडमाळ ठरवलं होतं. खोकला लागला तेव्हा क्षय ठरला. त्याची थाळी वेगळी झाली, खाट गोठ्यालगतच्या पडवीत गेली, आणि आईनं वहिनीला तान्ह्या पोरीसकट माहेरी, धनजला धाडलं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी मानेतली एक गाठ काढून तपासायला पाठवली होती. निकाल आला तेव्हा आम्ही दोघं भाऊ गेलो. दादाला चालून धाप लागली होती. त्याला बाकड्यावर बसवून मी एकटा आत गेलो.

डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. मला फासळ्यांपलीकडं काही कळेना. त्यांनी बोट फिरवलं. हृदयाच्या वरची मधली सावली दोन्ही बाजूंना फुगली होती, आणि तिथून फुफ्फुसांत पांढुरके डाग पसरले होते, काही सरकीएवढे, काही बोराएवढे.

"हा क्षय नाही. मानेतल्या गाठींचाच रोग आहे हा. छातीतल्या गाठीही सुजल्यात, आणि आता तो फुफ्फुसांत उतरलाय. मुंबईला किरणांचा शेक देतात, त्यानं काही महिने बरे जातील. रोग जाणार नाही."

"लागण होते का?"

"मुळीच नाही. घरात सगळ्यांत राहू द्या त्यांना."

बाहेर दादा उठून उभाच होता.

"काय म्हणे रे डाक्टर?"

"क्षयच हाय. दूधतूप खा म्हणे. बरं होते."

"मंग एवढा वेळ काय करून राह्यला होता आत? मले वाटलं, तुलेच तपासून राह्यला." तो हसला आणि खोकत खाली बसला.

क्षयातून उठलेली माणसं आम्ही पाहिली होती. त्यासाठीच मी तो शब्द धरला. त्या शब्दासोबत वेगळी थाळीही कायम राहणार, हे परतताना गाडीत ध्यानात आलं. तरी मी ना रोगाचं खरं सांगितलं, ना मुंबईच्या शेकाचं.

दिवाळीत वहिनी पोरीला घेऊन आली आणि पडवीपासून लांब उभी राहिली. दादा पार वाळला होता.

"पोरीले दे ना एक खेप इकडं."

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. डॉक्टरांशी बोललेला मीच. लागण नाही म्हणालो असतो, तर दादानंच विचारलं असतं, मंग हाय तरी काय?

"नको, दादा. डाक्टरनं मनाई केली हाय."

"असं हाय का." त्यानं पुढं केलेले हात गोधडीखाली घेतले. "मंग तूच घे तिले. इथूनच पाहतो."

मी तिला कडेवर घेतलं. ती त्याच्याकडं झेपावत होती. मी दोन पावलं मागं सरलो.