अंशाला आणि छेदाला सारखाच आहेर

माझी नणंद बारामतीत इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करत होती आणि गणितात दोनदा आपटली होती. आमचे सासरे, तात्या, तिला म्हणाले, "ह्या खेपेला गेलीस तर बास. इंदापूरचं पाहुणं कवाधरनं विचारत्यात." पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. मला राग आला, तिचा आणि तात्यांचाही. म्हटलं, आण इकडं वही, मी शिकवते. मी बावड्याची, बारावी सायन्स. पण लग्न होऊन जळोचीला आल्यापासून माझं गणित मेथीच्या जुड्या मोजण्यापुरतं उरलं होतं.

आधी मलाच चार दिवस घासावं लागलं, मग हळूहळू आठवत गेलं. संमिश्र संख्यांचा अपूर्णांक सोपा करायचा म्हणजे छेदातला आय घालवायचा. आय म्हणजे ज्याचा वर्ग वजा एक येतो तो. छेदात 'दोन अधिक आय' असेल, तर त्याला त्याच्या जोडीदारानं, म्हणजे 'दोन वजा आय'नं गुणायचं. उत्तर सरळ पाच येतं, आय गायब. मात्र वरच्या अंशालाही त्यानंच गुणायचं, आणि बाईसाहेब नेमकं तेवढंच विसरायच्या. दहा गणितं, दहाही चूक. "डोकं गहाण ठेवलंय का गं?" मी कडाडले.

तात्या दारात बसून मेथी बांधत होते. "झालं काय एवढं?"

"खालच्याला दिलं आणि वरच्याला द्यायचं विसरली, तात्या."

"मग रुसणारच की त्यो," तात्या मान वर न करता म्हणाले. "लग्नात नवऱ्याकडच्यास्नी आहेर केला आन् नवरीकडचं तसंच कोरडं बसवलं, तर मांडवात कोण थांबंल?"

पोरगी खुदकन हसली. मी लगेच ते उचललं. छेदाला आहेर केला की अंशालाही तोच, नाहीतर रुसवा. पुढची दहाच्या दहा गणितं बरोबर आली आणि मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

कुठलं काय. दुसऱ्या दिवशी दोन अपूर्णांकांची बेरीज दिली. एकाच्या छेदात 'दोन अधिक आय', दुसऱ्याच्या 'तीन वजा आय'. हिनं दोन्ही अंश, दोन्ही छेद, चारही जणांना 'दोन वजा आय'च वाटला. दुसऱ्या छेदातला आय तसाच ठाण मांडून बसला. मी विचारलं, "हे काय केलंस?"

"आहेर," ती म्हणाली. "सगळ्यांना सारखाच."

तात्यांनी तिचीच बाजू घेतली. "चुकलं कुठं? आपल्यात टावेल-टोपी सरसकट असती. एकाला भारी, एकाला हलकं केलं की भांडणं."

मी कपाळाला हात लावला. बापलेकीला शेवटी समजावलं की रुसवा कुणाचाच नाही, पण आय काढायचा तर प्रत्येक घराला, म्हणजे प्रत्येक अपूर्णांकाला, त्याच्याच मापाचं कापड लागतं. वर-खाली तेवढं सारखं. तात्यांना ते पटलं. नंतर तेच विचारायला लागले, "पोरी, ह्या घराचं माप घेतलं का?"

परीक्षेला तिला तात्यांनीच मोटारसायकलवरनं सोडलं. निकाल मोबाइलवर आला. पास. ती माझ्या गळ्यातच पडली आणि मी तिला, मूर्ख कुठली, म्हणून पाठीत धपाटा घातला.

तात्याही खूश झाले. मग घसा खाकरून म्हणाले, "झ्याक झालं. पाहुणं मात्र रविवारी येत्यात. बघून तर जाऊ देत. पास पोरीला स्थळ बी चांगलं मिळतं."

पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. माझं डोकं सणकलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तात्यांनीच माझ्याकडं वळून विचारलं, "तुला गं किती पडलं हुतं बारावीला, गणितात?"

दहा वर्षांत ह्या घरात मला हे कुणी विचारलं नव्हतं.

"एक्क्याऐंशी."

"आन् मग पुढं का न्हाय शिकलीस?"

"तुमाला उन्हाळ्यातच लगीन पाहिजे हुतं, तात्या."

रागानं बोलायचं ठरवलं होतं, पण आवाज फुटला आणि मला रडूच आलं. तात्यांनी खिशातनं फोन काढून लांब धरला आणि नंबर लावला.

"रविवारी येऊ नगा," ते म्हणाले. "पोरगी अजून शिकतीया." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "न्हाय, क्लास न्हाय लावला. आमच्या सूनबाई शिकवत्यात."