दरमहा पैसे मिळाले तर दुसऱ्या दिवशी काय कराल?

ज्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मी निघाले तो असा: कोणी काम करो वा न करो, गरीब असो वा सधन, प्रत्येक प्रौढ माणसाला सरकारने दरमहा जगण्यापुरती ठरावीक रक्कम द्यावी की नाही, याविषयी हिंदी मुलखातल्या आमच्या बालाघाट शहरातल्या लोकांचे मत काय आहे?

प्रश्न मला सकाळच्या फिरण्यात मिळाला. तलावाकाठच्या बाकांवर आम्ही काही सेवानिवृत्त मंडळी बसतो. काही देशांत अशी रक्कम देऊन पाहत आहेत, ही बातमी एकाने फोनवरून वाचून दाखवली. वनखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ तत्काळ म्हणाले, "फुकटचं मिळालं की माणूस हातपाय हलवत नाही. लिहून ठेवा."

"तुम्हाला पेन्शन मिळते ना, भाऊ?" मी विचारले.

"मिळते की."

"मग रोज तलावाला चार फेऱ्या कशाला मारता?"

"शुगर आहे म्हणून, मॅडम!"

सगळे हसले, मीही हसले. पण घरी येऊन एक कोरी वही काढली, समास आखला आणि तीन रकाने केले: होय, नाही, सांगता येत नाही.

या प्रश्नात माझा स्वार्थ होता, हे आधीच सांगितलेले बरे. मी अविवाहित आहे. आई होती तोवर घरात दोन माणसे होती. तिच्या शेवटच्या दोन वर्षांत तिची सेवा करायला मी एक बाई ठेवली. आई गेल्यावर तीच बाई स्वयंपाकाला येत राहिली. ती आठला येई, दहाला जाई. त्या दोन तासांत माझ्या घरात बोलणे होई. उरलेला दिवस मी रेडिओ लावत असे आणि कधीकधी त्यालाच उत्तर देत असे. सरकारने उद्या सर्वांना रक्कम दिली तर ती बाई येईल का? मला 'नाही' हा रकाना भरलेला हवा होता. म्हणूनच सर्वांना विचारायचे ठरवले, आणि तिला सर्वांत शेवटी.

महिनाभर मी विचारत फिरले: रेशनच्या दुकानात, टपाल कार्यालयाच्या रांगेत, ओळखीच्या शिंप्याकडे. 'नाही'चा रकाना भराभर भरला. मला समाधान वाटत होते. ते वारासिवनीच्या बसमध्ये संपले. बसचा कंडक्टर माझा जुना विद्यार्थी निघाला. प्रश्न ऐकताच त्याने तिकिटांची पिशवी काखेत धरली, ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, इसमें सही जवाब कौन-सा है? वही लिख लीजिए."

मागच्या बाकावरचा म्हातारा ओरडला, "काहून बे, एवढा मोठा झाला, अजूनबी मॅडमले भेतं?"

"आप नहीं पढ़े इनसे, काका. पढ़ते तो आप भी डरते."

बस हसत होती. मी वही उघडली आणि मागची पाने पाहिली. ज्यांनी 'नाही' म्हटले होते त्यांतले बहुतेक माझे विद्यार्थी, नाहीतर माझ्या विद्यार्थ्यांचे आईबाप होते. तीस-बत्तीस वर्षे मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवले. दर सत्राच्या पहिल्या दिवशी फळ्यावर एकच वाक्य लिहीत असे: परिश्रम का कोई विकल्प नहीं. ते वाक्य लोकांनी मला परत दिले होते आणि मी त्याला जनमत समजून रकान्यात भरले होते. ज्याने प्रश्नपत्रिका काढली त्यानेच वर्गात उत्तर कुजबुजावे, तसा हा प्रकार झाला. ती पाने मी तिरक्या रेघेने बाद केली. म्हणूनच येथे आकडे देत नाही.

दुसऱ्या खेपेस प्रश्न बदलला. 'द्यावी का?' असे विचारले की माणूस भाषणाच्या सुरात बोलू लागतो. मी विचारले, "ही रक्कम लागू झाली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही काय कराल?" तोच शिंपी, ज्याने आधी 'नाही' सांगितले होते, या वेळी कापडात सुई टोचून ठेवून माझ्याकडे वळला. म्हणाला, "शिवीन. पण उधारीवर शिवून घेऊन वरून बडबड ऐकवणाऱ्यांचे ब्लाऊज नाही शिवणार." उकव्याच्या खाणीत ठेक्यावर जाणारा एक जण म्हणाला, "पहिला दिवस झोपीन, मॅडम. दुसऱ्या दिवशी बायको हाकलंन." बैहरच्या जीपमध्ये भेटलेल्या एका मुलीला नर्सिंगचा अभ्यास पुरा करायचा होता. काम कायमचे सोडीन असे म्हणणारे थोडेच भेटले. काय सोडीन, हे मात्र जवळजवळ प्रत्येकाला ठाऊक होते.

आता एकच घर उरले होते, माझे. तीन आठवडे मी ते टाळले. शेवटी एका मंगळवारी ती पोळ्या लाटत असताना विचारले.

"सरकार तं देतेच ना मले, खात्यात," ती म्हणाली. "गॅसमधीच जाते ते पैसे."

"तेवढे नव्हे. घर चालेल इतके. प्रत्येकाला, दर महिन्याला."

"कामाचं काही नाही?"

"काही अट नाही."

तिने पोळी तव्यावर टाकली, उलटली. "मंग मी तुमच्याकडं नाही येणार."

मी पेन्सिल हातात धरून होते. कारण विचारणे नियमात बसत होते, म्हणून विचारले.

"माही माय हाये ना गावाले. डोळ्यानं दिसत नाही तिले आता. शेजारीन पाहते. तुमच्या आईले मी दोन वर्सं आंघोळ घातली, मॅडम, केस इंचरून देल्ले. माह्या मायले एक दिवस नाही." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमचं वाईट वाटते. पण तुमाले कुकर तं लावता येते ना? नाही तं शिकून घ्या, अजून वय नाही गेलं."

मी 'होय' किंवा 'नाही' यांपैकी काहीही लिहिले नाही. तिच्या येण्याला मी इतकी वर्षे आपुलकी समजत आले होते. आपुलकी होतीही, परंतु तिला येथे आणत होता तो महिन्याचा पगार, आणि ज्या दोन तासांवर मी जगत होते ते दुसऱ्या एका म्हातारीच्या वाट्याचे होते.

आठ दिवसांनी मी तिला सांगितले की तू गावी जा. चार महिने पगार खात्यात येत राहील. काम काही नाही, आणि परत यायचीही अट नाही.

तिचा चेहरा उतरला. "मले काढून राह्यल्या का, मॅडम? मी का केलं?"

"काढत नाही."

"मंग असे पैसे कोन देते? सामनेवालीनं काही सांगतलं का माह्याबद्दल?"

समजावायला मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तिने डबे घासून पालथे घातले, पिठाची जागा दाखवली आणि बसस्टँडवर गेली. मी दारापर्यंत गेले. त्यापुढे गेले असते तर तिला अवघडल्यासारखे झाले असते.

त्याला आता अकरा आठवडे झाले. तिचा एकदा फोन आला. मागे तिची माय कोणावर तरी रागावून बोलत होती आणि ती हसत होती. परत येण्याविषयी ती काही बोलली नाही, मी विचारले नाही. सकाळी आठला मी अजून दाराची कडी काढून ठेवते. मग बसते. सरकारने रक्कम द्यावी, असे माझे मत झाले आहे, आणि वहीत माझ्या नावापुढे 'होय' लिहिले आहे. हे मत मला स्वस्तात पडलेले नाही.

तरीही माझा पुरावा एका शहराचा, आसपासच्या रस्त्यांचा आणि शेवटी एका घराचा आहे. त्यावरून नियम सिद्ध होत नाही. सरकारकडे एवढे पैसे येतील कोठून, याचे उत्तर मी शोधलेले नाही. म्हणून वाचकांना विनंती आहे की माझ्यावर विसंबून राहू नये. आपल्या घरी जे माणूस कामाला येते त्याला हा प्रश्न स्वतः विचारावा, एकटे असताना विचारावा, आणि ते जे उत्तर देईल ते मला मिळालेल्या उत्तराशी ताडून पाहावे.